जखमेपलीकडची बाई

बीड जिल्ह्यातल्या बायकांचे फोटो देशोदेशी पोचले आहेत. कोरड्या विहिरीच्या कठड्यावर ओणवी झालेली बाई, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, उसाच्या फडावरच्या कोपीच्या दारात लेकराला पाजणारी बाई. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, तेव्हा कॅमेरे आले. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्या गाजल्या, तेव्हा पुन्हा आले. सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली आणि त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा चव्हाट्यावर आला नसता तर या बायकांची विचारपूसही कुणी केली नसती. तो बाहेर काढणाऱ्यांचे उपकार मी मानते. पण या सगळ्या चित्रांत बाई तिच्या दुखण्याएवढीच दिसते. दुखणं संपतं तिथे चौकट संपते.

मी चौसाळ्यात राहते आणि शाळेत शिकवते. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून सोलापूरच्या अंगाला निघालं की महामार्गावर आमचं गाव लागतं. दसरा झाला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, आणि त्यांच्यामध्ये जागा करून बसलेली माणसं. वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होतात. काही मुली हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, काही धाकट्या भावंडांना सांभाळायला आईबरोबर जातात. त्यांतल्या एखादीला परत आल्यावर निबंधात स्वतःबद्दल लिहायला सांगावं, तर ती बापाचं नाव, गावाचं नाव, कारखान्याचं नाव लिहिते आणि थांबते. पुढे काय लिहायचं, तेच तिला सुचत नाही. माझ्या बाबतीत सांगण्याजोगं दुसरं काय असणार, असं तिचा चेहरा म्हणतो. त्या थांबण्याने मी फार अस्वस्थ होते.

याच अस्वस्थतेत एन्गोझी ओन्वुरा या दिग्दर्शिकेचे लघुपट माझ्या पाहण्यात आले. वडील नायजेरियाचे, आई गोरी इंग्रज. बियाफ्राचं युद्ध पेटलं तेव्हा आई लेकरांना घेऊन इंग्लंडला परतली आणि ही भावंडं उत्तरेकडच्या न्यूकॅसल शहरात वाढली. गोऱ्यांच्या वस्तीत काळ्या बापाची मुलं. पुढे १९९५ मध्ये एन्गोझीचा पूर्ण लांबीचा चित्रपट ब्रिटनच्या चित्रपटगृहांत लागला. कृष्णवर्णीय ब्रिटिश स्त्रीने केलेला असा तो पहिलाच. पण मला ओढून घेतलं ते त्याआधी केलेल्या तिच्या छोट्या छोट्या चित्रपटांनी.

१९८८ चा ‘कॉफी कलर्ड चिल्ड्रन’ जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे. त्यात तिने स्वतःचं आणि भावाचं बालपण पुन्हा उभं केलं आहे. घराच्या दाराला कुणीतरी विष्ठा फासून जातो आणि आई ती धुऊन काढते. दोन्ही लेकरं न्हाणीत बसून अंगाला भांडी घासायची पावडर चोळतात. पावडर विमची. आपल्या मोरीत हे नाव रोज दिसतं, म्हणून असेल, ते दृश्य पाहताना माझ्या अंगावर काटा आला. लेकरं रडत नाहीत, ओरडत नाहीत. मळ काढावा तशी ती मन लावून स्वतःचा रंग काढायला बसली आहेत. गोऱ्यांच्या द्वेषावर ग्रंथ लिहिले गेले असतील, पण एवढ्याशा हाताने एवढ्या निष्ठेने स्वतःची कातडी घासावी, यात त्या द्वेषाचं सगळं काम एका ठिकाणी दिसतं. दारावरची घाण आईने धुतली. लेकरांच्या मनावर जी बसली, ती धुवायला लेकीला मोठं होऊन हातात कॅमेरा घ्यावा लागला.

यातलं परकं काय? आमच्याकडे सावळी लेक झाली की बाळंतिणीच्या खोलीतच तिच्या लग्नाची काळजी सुरू होते. परिचयपत्रात तिचा रंग गव्हाळ लिहितात. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून टाकला, पण आमच्या किराणा दुकानांत मुली अजून ते जुन्याच नावाने मागतात. त्यात उन्हातानात राबणाऱ्यांचा रंग आणि राबणाऱ्यांची जात यांची सांगड आपल्या समाजाने अशी घालून ठेवली आहे की मुलीच्या तोंडावर तिचा रंग काढला की तिची जातही काढता येते. माझ्या वर्गातली पोरगी गॅदरिंगच्या आधी आठवडाभर बेसन आणि लिंबू चोळते, तेव्हा ती नटते आहे की त्या न्हाणीत बसली आहे, हे मला कळत नाही.

ओन्वुराचा दुसरा लघुपट याहून धाडसी आहे. १९९१ चा ‘द बॉडी ब्यूटिफुल’. तिच्या आईला कर्करोग झाला, एक स्तन काढावा लागला, त्यात संधिवाताने सांधे धरलेले. लेकीने आईवर चित्रपट केला आणि आईची भूमिका आईलाच करायला लावली. मॅज ओन्वुरा हे त्या माउलीचं नाव. चित्रपटातली लेक मॉडेल आहे, तिच्या अंगकाठीला बाजारात मोल आहे, आणि शेजारी आईचं छाटलेलं शरीर. दोघी वाफेच्या स्नानाला जातात. तिथे आईचा डोळा लागतो, टॉवेल सरकतो, शस्त्रक्रियेचा वण उघडा पडतो आणि भोवतालच्या बायका बघत राहतात. इतकं दाखवून दुसरा एखादा दिग्दर्शक थांबला असता. प्रेक्षकांचे डोळे ओले झाले असते आणि चित्रपटाला पुरस्कारही मिळाला असता. ही थांबत नाही. आईची नजर एका तरुणावर पडते, तिच्या मनात प्रणय जागा होतो, आणि लेक तो प्रणयही पडद्यावर आणते. वयस्क, दुखणाईत, एका स्तनाची बाई स्पर्शाची इच्छा धरते आणि त्या इच्छेत सुंदर दिसते.

लेकीने आईची वासना दाखवावी, हे आपल्याकडे पचायला जड जाईल. मलाही जड गेलं. पण त्या अवघडलेपणातूनच मला माझ्या जिल्ह्याच्या फोटोंत काय नाही ते उमगलं. जखम कुणालाही दाखवता येते. बाहेरून आलेला चांगल्या मनाचा माणूसही ती दाखवतो. जखम झालेल्या बाईला काय हवं आहे, तिचा जीव कशात रमतो, ती कशावरून हट्टाला पेटते, हे दाखवायला तिच्या शेजारी बसून वाढलेली नजर लागते. १३ हजारांवर बायकांच्या पोटावरचे टाके मोजले गेले. त्यांच्या मनातल्या इच्छांची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

अमेरिकेतल्या ज्युली डॅश यांचा ‘इल्यूजन्स’ हा १९८२ चा लघुपट मला थेट उसाच्या फडात घेऊन गेला. कथा १९४२ मधली, हॉलिवूडच्या एका स्टुडिओतली. पडद्यावरच्या गोऱ्या नटीच्या ओठांशी ओठ जुळवत एक काळी गायिका गाते. आवाज हिचा, चेहरा आणि नाव तिचं. तिचं गाणं ध्वनिमुद्रित होताना जी बाई बघते आहे, ती त्या स्टुडिओत मोठ्या हुद्द्यावर आहे, काळी असून उजळ रंगामुळे गोऱ्यांत खपून गेलेली. आमच्या उसाच्या फडातही नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात, आणि हिशेब होतो तोही त्याच्याच नावाने. पहाटे स्वयंपाक, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं, रात्री पुन्हा चूल. या कामाच्या मोलावर तिचं नाव कुठेच लागत नाही. डॅश यांनी ज्या कारखान्याची गोष्ट सांगितली तिथे चित्रपट तयार होतात, आमच्याकडे साखर. बाईचा घाम आणि बाईचं नाव यांची ताटातूट दोन्हीकडे सारखी आहे.

काळ्या माणसांच्या दुःखाशी मराठी माणसाचं नातं आजचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य बोलून दाखवलं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून तिचं नाव दलित पँथर ठेवलं. आमच्या मराठवाड्यात लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्याची मराठी वाचकांना ओळख करून दिली. कविता आली, आत्मकथनं आली, बायांचीही आली. कॅमेरा मात्र बायांच्या हाती फार उशिरा आला. आपल्या समाजाने काही माणसांना मान वर करून बघण्याचीच मनाई केली होती. अमेरिकेतही गुलामांना मालकाकडे बघितल्याची शिक्षा होत असे, आणि कृष्णवर्णीय विचारवंत बेल हुक्स यांनी १९९२ मधल्या आपल्या निबंधात काळ्या स्त्रीने उलट रोखून बघण्यालाच प्रतिकार मानलं. आपल्याकडच्या अभ्यासक ज्योती निशा यांनी त्या विचाराला बहुजन प्रेक्षकाच्या नजरेशी जोडलं आणि पुढे स्वतः बाबासाहेबांवर माहितीपट केला. जिला नजर खाली ठेवायला शिकवलं, तिने कॅमेऱ्याला डोळा लावणं ही साधी गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रात या वाटेवरचं एक पाऊल पुण्यात पडलं. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अंगाने कष्टकरी बायकांचा अभ्यास करत होत्या. या बायका स्वतःकडे कशा बघतात, हा त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न होता. त्यातून आठ दलित स्त्रियांची कथनं निघाली आणि ती १९८८ मध्ये गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादाने ‘पॅन ऑन फायर’ या नावाने इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. पण अभ्यास ज्यांचा, त्यांनाच तो वाचता येणार नव्हता. ही गोष्ट भावे यांना सलत राहिली. चित्रपटाचं कसलंही शिक्षण नसताना त्यांनी १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला, पाठोपाठ १९८७ मध्ये ‘पाणी’. अहवालातून काढून बाईला पडद्यावर आणायचं आणि तो पडदा तिच्या वस्तीत लावायचा, हे करायला संशोधिकेकडे प्रामाणिकपणा लागतो. भावे त्या वस्तीतल्या नव्हत्या, तरीही त्यांनी प्रश्न नेमका विचारला. तुझं काय दुखतं, हे सगळेच विचारतात. तू स्वतःला कशी दिसतेस, हे त्यांनी विचारलं.

पुढचं पाऊल आमच्यापासून फार लांब पडलेलं नाही. तेलंगणातल्या झहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. १९४८ पर्यंत तेही आणि आम्हीही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, एकाच अमलाखाली दबलेले. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या, म्हणजे गावोगावच्या बायकांच्या गटांतल्या, दलित, गरीब, बहुतांशी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. २००१ मध्ये त्यांचा स्वतःचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट उभा राहिला. वरंगळच्या शेतकऱ्यांचं बीटी कापसाने काय झालं, याचा त्यांनी हंगामभर पाठपुरावा करून चित्रपट केला आणि तो २००३ मध्ये आला. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी आपल्या अनुभवातून नावं दिली. उंचावरून खाली बघणारा तो पटेलाचा शॉट, कारण जमीनदार त्यांच्याकडे तसाच बघत आला. खालून वर बघणारा तो गड्याचा. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समोरासमोर घेतलेला तो संघमचा शॉट, कारण संघमात सगळ्या एका पातळीवर बसतात. चित्रपटाच्या शाळांत कॅमेऱ्याचे कोन शिकवायला तास खर्ची पडतात. या बायकांनी त्यांत दडलेली सत्ता स्वतःच्या पाठीच्या कण्याने ओळखली. त्यांनी आपल्या गरिबीचे चित्रपट केले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी बियाणी दाखवली, माती दाखवली, कोणतं धान्य कोणत्या जमिनीत येतं याचं आपलं ज्ञान दाखवलं. आम्ही कोण, तर आम्हाला हे येतं. ओळख सांगण्याची ही रीत मला सगळ्यांत खणखणीत वाटते.

मग चौसाळ्याच्या मुलींचं काय? फोन आता घराघरांत आहे. पण नुसता फोन हाती आला म्हणजे नजर हाती आली असं होत नाही. पुढचा कॅमेरा उघडला की फोन आपणहून चेहरा उजळ करतो, गाल गुळगुळीत करतो, नाक बारीक करतो. पोरी हसत हसत तोच चेहरा गाण्यावर नाचवतात. ओन्वुरा भावंडांना न्हाणीत जे हातांनी करावं लागलं, ते इथे बोट लावताच होतं, आणि दुखतही नाही, म्हणून ध्यानातही येत नाही. त्यांच्या आनंदावर मी बोट ठेवणार नाही. पण त्यांना एकदा तरी तो उजळपणा बंद करून आईकडे कॅमेरा वळवायला सांगावं, असं मला तीव्रतेने वाटतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, कुणी न सांगता, तसं केलं. ती हंगामात आईबापाबरोबर फडावर गेली होती. तिथून तिने मला एक चित्रफीत पाठवली, जेमतेम चार मिनिटांची. कोप्यांमध्ये बांगड्यावाला आला आहे. तिची आई उकिडवी बसून बांगड्या निवडते आहे. पाचटाने हात कोपरापर्यंत ओरखडलेले आहेत, पण कॅमेरा त्या ओरखड्यांवर रेंगाळत नाही, बोटांवर थांबतो. बोटं हिरव्या बांगड्यांवरून लाल बांगड्यांवर जातात, परत हिरव्यांवर येतात.

“मोळी उचलताना फुटतेत की, मामा.”

“मग कशाला घ्यायलीस, ताई?”

“आता न्हाई भरायची. पट्टा पडल्यावर भरीन, गावाकडं जायच्या दिवशी.”

मग भाव करणं. पाच रुपयांवरून चाललेली लांबलचक हुज्जत. त्यात आई चक्क जिंकते आणि जिंकल्याचं हसू लपवायला तोंड दुसरीकडे करते. तिथे लेकीचा हात हलतो, कारण लेकही हसते आहे. पुढे काही नाही. बांगड्या फडक्यात गुंडाळून पेटीत जातात.

फोन जमिनीच्या जवळ धरलेला होता, कारण पोरगीही आईसमोर उकिडवीच बसली होती. पस्तापूरच्या बायकांनी ज्याला संघमचा शॉट म्हटलं, तो या पोरीला बसण्याच्या रीतीनेच साधला होता. ऊसतोड बाईची मी पाहिलेली ही पहिली अशी प्रतिमा, जिच्यात ऊस नाही. तिला पुढचा दिवस ठाऊक आहे, त्या दिवसासाठी काय नेसायचं, हातात काय भरायचं, हे ती ठरवून बसली आहे. हिशेबात तिचं नाव नसेल, पण त्या चार मिनिटांत तिची पसंती आहे, तिची हुज्जत आहे, तिची जीत आहे. निबंधात तीन ओळींवर थांबणाऱ्या मुलींपैकीच ही एक. तिला लिहायला सुचत नव्हतं, बघायला मात्र सुचलं.

लघुपट या प्रकाराचं मोल मला इथे कळतं. त्याला पैसा थोडा लागतो, ही अर्धीच गोष्ट झाली. ज्या बाईचा दिवस तिच्या मालकीचा नाही, तिला दोन तासांची गोष्ट रचायला सवड कुठून मिळणार? बांगड्यावाला येतो आणि जातो, तेवढाच वेळ तिचा. तेवढ्या वेळात मावेल असा हा आकार आहे. ओन्वुराने पंधरा मिनिटांत एक आयुष्य उलगडलं. करमाळ्याच्या बाजूचे नागराज मंजुळेही २००९ च्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटातूनच पुढे आले. कमी मिनिटं म्हणजे कमी म्हणणं, असा समज कुणी करून घेऊ नये.

मला शाळेत हे सुरू करायचं आहे. मुलींना आधी हे छोटे चित्रपट दाखवायचे, न्हाणीतल्या त्या लेकरांचा तर नक्कीच. मग घरातल्या एखाद्या बाईचा असा क्षण टिपून आणायला सांगायचं, ज्यात ती राबत नाही, रडत नाही, काहीतरी मागते आहे किंवा निवडते आहे. ते सगळं जुळवून शाळेच्या भिंतीवर दाखवायचं, आणि पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या जागी त्या आयाच बसवायच्या. बाईने स्वतःला एवढी मोठी, समोरासमोर, कुणाच्या दयेखाली न वाकलेली अशी कधी पाहिलेली नसते. ते पाहण्याचा हक्क सगळ्यांत आधी तिचा आहे.

आणि माझी एक मोठी इच्छाही आहे. गर्भाशय काढलेल्या एखाद्या बाईची लेक आपल्या आईवर चित्रपट करील, असा दिवस यावा. मॅज ओन्वुरासारखी ती आई स्वतः पडद्यावर यावी. पोटावरचा वण त्यात असावा, तो कुणामुळे झाला हेही ठणकावून सांगितलेलं असावं. पण तिची चिडचिड, तिची थट्टामस्करी, नवऱ्यावरचा राग आणि त्याच्यावरची मायाही त्यात असावी. कुठल्या जत्रेला जायचं राहून गेलं आणि आता कुणाबरोबर जायचं आहे, हे तिने स्वतः सांगावं. तो चित्रपट चौसाळ्याच्या, बीडच्या बायकांनी आधी बघावा, मग जगाने. आकड्यांनी आमच्या बायकांवर झालेला अन्याय जगाला पटवून दिला. त्या कोण आहेत हे आता त्यांच्या लेकी सांगतील, आणि त्या सांगू लागल्या की आम्ही शिकवणाऱ्यांनी त्यांच्या मागे उभं राहिलंच पाहिजे.